माझ्या तोंडून गेलेलं गाऱ्हाणं

माझं नाव सखाराम, पण ह्या किनाऱ्यावर त्या नावाने हाक मारलीत तर मीसुद्धा वळून बघणार नाही, कारण मला सगळे भोंगो म्हणतात. भोंगो म्हणजे भोंगा, आणि हे नाव मला ठेवलं सुईणीने. मी जन्मलो तेव्हा असा काय रडलो म्हणतात, की आमच्या तोंडवलीच्या समोर जाळी टाकून बसलेल्या होड्या वादळ इला म्हणून परत फिरल्या. खोटं वाटत असेल तर विचारून घ्यायला त्या होड्यांतलं आता कोणी जिवंत नाही, ते एक बरंच झालं. तुम्ही लांबून आलेले, लिहून घेणारे, म्हणून मी हे कचेरीतल्या मराठीत सांगतोय, मामलेदारासमोर बोलतो तसं. मध्येच आमची मालवणी घुसली तर घुसू दे, तिला दार लावलेलं सोसत नाही.

आमचं घर गाऱ्हाण्याचं. ते काय असतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात जाईल. नारळी पुनवेला अख्खी वाडी वाजतगाजत किनाऱ्यावर जमते, समुद्राला नारळ द्यायचा असतो, आणि नारळ सोडायच्या आधी एका माणसाने गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, एका दमात, ठेक्यात, बा समुद्रा म्हाराजा, ही तुझी लेकरा तुझ्या दारात उभी आसत, तेंच्या होडयेक राख, तेंच्या जाळ्याक यश दी, आणि दर मागण्यामागे लोकांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. लोकांनी व्हय म्हाराजा म्हटलं की मागणं पोचलं. हा मान पणज्यापासून आमच्याकडे. त्याचे कायदे दोनच. एक, मागायचं ते शब्द तपासून मागायचं, कारण समुद्र अर्थ लावत बसत नाही, ऐकतो ते देतो. आणि दुसरा, एकदा घातलेलं गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या तोंडाने मागे येत नाही. ते मागे घ्यायचं तर त्याच घरातल्या पुढच्या पुरुषाने पाण्यात उभं राहून घ्यायचं.

आणि माझं गाऱ्हाणं कधी खाली गेलं नाही, हे कोणालाही विचारा. एका वर्षी बांगडा कमी होता, मी म्हटलं, बांगड्यान दर्या भर म्हाराजा, तर असा भरला की बायका विहिरीत कळशी सोडायच्या आणि वर बांगडा यायचा. आमचा बाबल तांडेल, म्हणजे आमच्या रापणीचा म्होरक्या, पन्नास-साठ माणसं किनाऱ्यावरून दोरी धरून ओढतात ते जाळं म्हणजे रापण, तर ह्या बाबलाला दमा होता. मी म्हटलं, बाबलाचो दमो घेवन जा म्हाराजा, तर दमा गेला तो सरळ माझ्या सासऱ्याला जाऊन लागला. आता दम्याने कुठे जायचं ते मी सांगितलंच नव्हतं, माझी काय चूक? बायको अजून म्हणते मुद्दाम केलंस. देवाशपथ नाही. म्हणजे, तितकंसं नाही.

तर ह्या घरात माझा झील, म्हणजे मुलगा, जन्मला, नंदू, एकुलता एक. तुम्ही ज्याला वादळ म्हणून ओळखता, काळा चष्मा, गळ्यात नांगराच्या साखळीएवढी साखळी, ज्याच्या नावाने पोरं शिट्ट्या मारतात, तो आमचा नंदू. चालायला लागायच्या आधी ठेका धरायला लागला. पाळण्याच्या कडीवर, ताटावर, मासळीच्या टोपलीवर, बसलेल्या म्हशीच्या पाठीवर. आवाज त्याने माझा घेतला आणि शब्द आईचे. त्याची आई जयवंती मालवणच्या बाजारात मासे विकायची, तिच्या जिभेची धार अशी की सुरमई कापायला कोयती लागत नाही, नुसतं सुरमईकडे बघून बोलली की तुकडे पडतात. एकदा एका गिऱ्हाइकाने पापलेट शिळं आहे म्हटलं, तर ती त्याला जे बोलली ते ऐकून शेजारच्या टोपलीतला खेकडा आपणहून परत समुद्राकडे निघाला.

पण कामाच्या नावाने नंदू शून्य. दहावीला दोनदा बसला, दोनदा उठला. रापण ओढायला पाठवला तर दोरी सोडून बाजूला उभा राहायचा आणि ओढणाऱ्यांना ठेका सांगायचा, कोण कसा ओढतो त्याची नक्कल करत, जोडून जोडून, लोक हसून हसून दोरी सोडायचे. बाबल तांडेल मला म्हणायचा, भोंग्या, तुझ्या झिलाक घराकडे ठेव, तो इलो की मासळी गावणा नाय, नुसती करमणूक गावता.

आणि आता ती पुनव. कोकणात रेल्वे नुकतीच धावायला लागली होती ते वर्ष. मी नंदूला सांगितलेलं, सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ घेऊन पुढे हो. आम्ही ढोल घेऊन किनाऱ्यावर पोचलो तर ह्याचा पत्ता नाही, शोधतो तर हा उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत आडवा, डोकं मानाच्या नारळावर, डोळे मिटलेले आणि बोटं होडीच्या फळीवर वाजतायत. अख्ख्या वाडीसमोर! माझ्या डोक्यात जी काय सणक गेली ती गेलीच. वाडीचं गाऱ्हाणं मी नीट घातलं, होड्या, जाळी, म्हातारी माणसं, पोटुशा बायका, सगळं, आणि शेवटी थांबायचं ते थांबलो नाही. म्हटलं, आणि म्हाराजा, ह्या माझ्या झिलाक इतक्या काम दी, इतक्या काम दी, की तेका घराकडे वळान बघूक सवड गावता नये.

दोन-अडीचशे माणसं हसत हसत ओरडली, व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? नंदू. डोळे चोळत.

एकटी जयवंती गप्प होती. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आली नि म्हणाली, मेल्या, काय मागलंस ता कळला तुका? शिरा पडो तुझ्या तोंडार.

मला तेव्हाही कळलं नाही हो.

आठ दिवस गेले नाहीत तर मुंबईहून तिच्या भावाचा निरोप आला, तो एका ऑर्केस्ट्रात आवाजाच्या पेट्या उचलायला होता, म्हणाला गणपतीच्या दिवसांत माणूस कमी पडतो, नंदूला पाठवा. माझी बहीण वैभववाडीला दिलेली, तिच्याकडे रात्र काढून सकाळी तिथूनच त्याला गाडीत बसवला. मी छाती फुगवून परत आलो, म्हटलं, बघितलंस, काम लागला. जयवंती म्हणाली, व्हय म्हाराजा. आणि तेव्हापासून, काय सांगू तुम्हाला, बारा वर्षं ती बाई मला ह्याच्याशिवाय उत्तर देत नव्हती. चाय दी. व्हय म्हाराजा. पाऊस येतलोसो दिसता. व्हय म्हाराजा. माका ताप इलो हा, मरतलंय मी. व्हय म्हाराजा.

मुंबईत काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, त्यामुळे ते मी जास्त चांगलं सांगू शकतो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गाणाऱ्याचा घसा बसला. मांडवात माणसं, त्यांतली अर्धी आमच्या बाजूचीच, खुर्च्या आपटायला लागली. नंदू पेटी खांद्यावर घेऊन उभा होता, ती त्याने खाली ठेवली, माइक उचलला, ढोलकीवाल्याला म्हणाला, वाजव, नि घातलं गाऱ्हाणं. बा गणपती म्हाराजा, आमच्या नळाक पाणी दी, घरमालकाक अक्कल दी, जिन्यात थुकतत तेंका तोंड दी पण थुकी देव नको. मांडव फुटायचा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंडळाने बोलावलं, मग तिसऱ्या, मग कोणी एकाने संगणकातले ढोल त्याच्यामागे लावून कॅसेट काढली, आणि नावसुद्धा त्यानेच ठेवलं, वादळ.

बाबल तांडेलाने मला विचारलं, ह्या रॅप रॅप म्हणतत ता काय रे? मी म्हटलं, गाणा आसता पण गाणा न्हय, भांडण आसता पण भांडण न्हय. बाबल म्हणाला, मगे ता तुझ्या बायलेन शोधून काढलेला!

खरंच होतं ते. पहिली कॅसेट वाडीत आली, सगळे माझ्या पडवीत जमले, आणि टेपमधून बाहेर पडली ती जयवंतीच, पण पुरुषाच्या आवाजात.

सुरमई निजली बर्फात, टेम्पोन गेली गोव्याक,
घरात उरलो खारो बांगडो, तोय वाढलो पाव्हण्याक,
पाव्हणो म्हणता मीठ जास्त, आये म्हणता जीभ काप,
व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, माफ कर माय-बाप!

जयवंतीने पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, मी विचारलं नाही, उत्तर काय येणार ते ठाऊक होतं.

तिथून तो जो सुटला तो सुटलाच. कॅसेटी, सीड्या, टीव्हीवरच्या स्पर्धा, मग स्पर्धेत परीक्षक, केसांच्या तेलाची जाहिरात, दुबई, मस्कत. मालवणच्या बाजारात त्याचं पोस्टर लागलं, एवढं मोठं की त्याच्या एका नाकपुडीत पानाचं दुकान होतं. वैभववाडीच्या बाजारात न्हावी विचारायचा, केस माणसासारखे कापू की वादळासारखे? वाडीत काही जणांनी आधी कुरकुर केली, गाऱ्हाणा ही काय नाचूची वस्तू? बैठक बोलावली. बैठकीच्या मध्येच दोघांच्या खिशातले मोबाइल वाजले आणि दोन्ही मोबाइलांतून नंदूच ओरडला, बैठक संपली.

पण घरी तो आला नाही. येणार कसा? नारळी पुनव ते गणपती, हाच त्याच्या धंद्याचा हंगाम. पहिल्या वर्षी म्हणाला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणाला शिमग्याला, शिमग्याला परदेशात होता. आजी गेली तेव्हा फोन आला, बाराव्याला हार आला. एकदा मालवणात कार्यक्रम होता, म्हटलं आता येईलच, दहा-बारा मैलांचा रस्ता, तर स्टेजवरून उतरून तसाच गाडीत बसून पुण्याला गेला. घराकडे वळून बघायला त्याला सवड मिळाली नाही. शब्द न शब्द, मी मागितलेला, तसाच्या तसा. कुठल्याही देवाने कुठल्याही भक्ताचं इतकं काटेकोर ऐकलं नसेल.

मी समुद्राशी बोलायला गेलो नाही असं समजू नका. दर पुनवेला वाडीचं गाऱ्हाणं झालं की मागे राहायचो, म्हणायचो, म्हाराजा, मी रागात बोललंय. लाट यायची, पाय भिजवून जायची. माझ्या तोंडाने ते मागे येणार नव्हतं, कायदा मलाच ठाऊक. ते फक्त नंदू मागे घेऊ शकत होता, आणि मागे घ्यायला यायचं तर त्याला सवड नव्हती. सवड का नव्हती, तर गाऱ्हाणं होतं म्हणून. बसा आता सोडवत! मी जन्मभर जाळी सोडवतोय, अशी गाठ बघितली नाही.

मग एकदा कळलं, त्याचा कार्यक्रम म्हापशाला आहे. म्हटलं, तो येत नाही तर आपण जाऊ, समोर उभं राहून सांगू. अंतोन मासळीचा टेम्पो घेऊन गोव्याला जायचा, त्याच्याबरोबर बर्फाच्या पेट्यांना टेकून निघालो. गोव्याच्या हद्दीवर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर टेम्पो अडवला. साहेब म्हणाला, आत काय? अंतोन म्हणाला, सुरमई, बांगडा आणि वादळाचो बापूस. साहेबाने मला वरून खाली बघितलं, म्हणाला, सगळेच सांगतात. तेवढ्यात त्याच्याच खिशातला फोन वाजला, सुरमई निजली बर्फात! मी त्याच आवाजात पुढची ओळ म्हटली. साहेब उभा राहिला हो, टोपी सारखी करून. चहा पाजला, आणि म्हणाला, तुमचा मुलगा काय मजेत असेल.

म्हापशाच्या मैदानामागे दुपारी चारला एक पांढरी बंद गाडी उभी होती, एसटीएवढी. हातात तीन फोन घेतलेली एक बाई दारात होती, त्याचं सगळं तीच बघायची. म्हणाली, अंकल, पाच मिनिटं. आत गेलो. नंदू आरशासमोर बसलेला, चष्मा काढलेला. डोळे असे, की चार दिवस बर्फाशिवाय ठेवलेल्या माशाचे बरे. म्हणाला, बाबा, इलंस? तुझ्या शर्टाक बांगड्याचो वास येता. मी म्हटलं, टेम्पोतना इलंय, मगे काय अत्तराचो येतलो? म्हणाला, ऱ्हव तसोच, हलू नको. आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. बोलता बोलता, असा, दिवा विझल्यासारखा.

मी इन्सुलीपासून सगळं पाठ करत आलेलो. एवढंच बोल, असं बोल, रडू नको. आणि ज्याच्या आवाजाने होड्या परत फिरल्या तो मी, पाच मिनिटं श्वाससुद्धा हळू सोडत बसलो. कसा उठवणार हो? उठवला असता तर जागा असता, आणि जागा असता तर कामावर असता.

बाईने दार वाजवलं. तो उठला, चष्मा घातला, आणि माझ्या डोळ्यांसमोर नंदू गेला नि वादळ उभं राहिलं. पायरीवरून मी ओरडलो, नंद्या, पुनवेक ये रे, ता गाऱ्हाणा माघारी घे! तो वळला, म्हणाला, बाबा, माका म्हायत आसा सगळा, डेट बघून सांगतंय. आणि वर गेला. मैदानात सगळा गोवा लोटलेला. तो एक ओळ म्हणायचा आणि सगळे ओरडायचे, व्हय म्हाराजा, आणि खोटं कशाला सांगू, पोटातून उठून माझ्याही तोंडातून तेच बाहेर पडलं. सवय हो. जन्माची सवय.

घरी आलो तर जयवंती दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने नीट प्रश्न विचारला, जेवलो काय तो? मी म्हटलं, जेवलो म्हणजे! तीन ताटं जेवला, तुझ्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याची आठवण काढून रडला, माझ्याशी दोन तास बोलत बसला, त्या बाईला म्हणाला, आयेक सांगा मी येतंय. जयवंतीने माझ्या खांद्याकडे बघितलं, तिथे त्याच्या तोंडाच्या पावडरीचा डाग होता. त्यावर हात फिरवला. मग म्हणाली, व्हय म्हाराजा.

ह्या वर्षी पुनवेच्या आदल्या दिवशी त्याचाच फोन आला. बाबा, माका येवक जमणा नाय, पण मी फोनार गाऱ्हाणा घालतंय, तू फोन पाण्यार धर. वाडीत हा वाद पेटला. बाबल आता नव्वदीचा, तो म्हणाला, समुद्र काय फोनार येता? दुसरा म्हणाला, बँक फोनार येता, डॉक्टर फोनार येता, समुद्राक काय धाड भरली? तिसरा म्हणाला, पण घालणारो पाण्यात उभो व्हयो. नंदूने फोनवरून सांगितलं, मी बादलीत पाय घालून उभो आसंय. कोणाला हसायला आलं नाही.

मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन हातात धरून गुडघाभर पाण्यात गेलो, हात लांब केला. मागे अख्खी वाडी, जयवंती पुढेच. आणि नंदूने घातलं हो, माझ्या बापालाही जमलं नसतं असं घातलं, मागे ढोल नाही, काही नाही, नुसता श्वास. होडयेक राख म्हाराजा, जाळ्याक यश दी म्हाराजा, म्हाताऱ्यांका सांभाळ म्हाराजा. मग थांबला. मला कळलं, आता आमचं. मी फोन आणखी खाली, पाण्याजवळ नेला.

म्हणाला, म्हाराजा, माझ्या बापाशीन माझ्यासाठी काम मागला, ता तू दिलंस. आता ता माझ्याच्यान सोडवणा नाय, ता ऱ्हवांदे. पण माझ्या आवशीबापाशीक माझी वाट बघूक लावू नको. तेंच्या मनातना माझी वाट काढून घी.

मी नको म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या आत वाडी म्हणून गेली, व्हय म्हाराजा.

मायेनेच बोलला हो तो. आम्ही झुरू नये म्हणून. पण शब्द तपासून घालायचं त्याला मी कधी शिकवलंच नाही, आणि आमच्या घराचं गाऱ्हाणं खाली जात नाही. आता हे मागे कोणी घ्यायचं? त्याच्या झिलाने. आणि झील कुठून येणार, लग्नाला त्याला सवड नाही.

आधी मला काही जाणवलं नाही. मग दिसलं, जयवंती कालवणातला डोक्याकडचा तुकडा नंदूच्या नावाने बाजूला काढून ठेवत नाही, बारा वर्षं रोज ठेवायची. मग ती माझ्याशी बोलायला लागली, सरळ, पूर्वीसारखी, चाय घेतलंस काय, पाठ दुकता काय, मेल्या अंगाक तेल लाव. बारा वर्षं ज्यासाठी तळमळलो ते मिळालं, आणि तेव्हा मला कळलं, नंदूचं गाऱ्हाणं पोचलं. रात्री झोप चांगली लागते आम्हाला. दोघांनाही. टीव्हीवर तो दिसला तर बघतो, चांगला बोलतो म्हणतो, आणि जेवायला उठतो.

परवा दुपारी आम्ही पडवीत जाळं विणत बसलेलो. नाक्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, कोणीतरी उतरलं, पावलं आमच्या वाटेने येतायत असं वाटलं. कुत्रा कान टवकारून उठला, फाटकापर्यंत गेला, उभा राहिला. आमच्या दोघांच्या माना वर झाल्या नाहीत. पावलं पुढे गेली. कुत्रा परत आला आणि आमच्याकडे बघत राहिला.

सुखी ऱ्हवो तो, जंय आसा थंय. त्याच्या घशाला काही होऊ नये, त्याला झोप लागो. तुम्ही मुंबईला जाणार, कुठे भेटला तर सांगा, आईबाप मजेत आहेत, तुझी काळजी करत नाहीत. खोटं सांगतोय असं समजू नका. बाकी सगळ्यात मी मीठमसाला घातला असेल, पण ह्यात नाही. हे खरं आहे, तेच तर सांगतोय तुम्हाला, हे खरं आहे.